दादाकडची चावी

स्टोअरच्या बाईंना चावी कशी लावायची ते दाखवायला मी माझं स्वतःचं ईमेलचं खातं उघडलं, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. नसतं उघडलं तर कदाचित मला कधीच कळलं नसतं. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात चाळीस जणांना चाव्या वाटायच्या होत्या. चावी म्हणजे कुलपाची नाही. बोटाच्या दोन पेरांएवढी काळी प्लास्टिकची पट्टी. संगणकात खोचायची, तिच्यातला हिरवा दिवा लुकलुकायला लागला की मधल्या सोनेरी ठिपक्यावर बोट टेकवायचं, मग खातं उघडतं. कुणी पासवर्ड चोरला तरी पट्टी तुमच्या खिशात, म्हणजे चोर बाहेरच. मी हे दिवसातून वीस वेळा सांगत होतो. मी काही यातलं शिकलेलो नाही, बघून बघून आलं. पण ऑफिसात संगणकाचं काहीही अडलं की मलाच हाक मारतात, आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

“बोट कुणाचं लागतं?” बाईंनी विचारलं.

“कुणाचंही चालतं.”

“म्हणजे ठसा बघत नाही?”

“नाही. समोर माणूस बसलाय एवढंच तिला कळतं. कोण बसलाय ते नाही.”

“मग आमच्या सासूबाईंनी टेकवलं तरी उघडेल?”

“पासवर्ड माहीत असला तर.”

“त्यांना सगळंच माहीत असतं,” बाई म्हणाल्या आणि शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मीही हसलो. मग सांगितलं की दोन चाव्या लावायच्या, एक हरवली तर दुसरी, आणि प्रत्येकीला नाव द्यायचं, हे बघा माझं कसं आहे. आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. यादीत दोन ओळी होत्या. ‘माझ्याकडची. शेवटचा वापर: आत्ताच.’ त्याखाली, ‘दादाकडची. शेवटचा वापर: काल, दुपारी ४:१०.’

“बरंय बाई,” त्या म्हणाल्या, “भाऊ लक्ष ठेवून असतो.”

मी हो म्हणालो. दादाला जाऊन अकरा महिने झाले होते.

नंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. बाईंची चावी लावून दिली असणार, कारण त्यांची सही कागदावर आहे. पाणी प्यायला गेलो. कूलरच्या नळाखाली ग्लास भरून वाहत होता आणि बोटांवरून गार पाणी जात होतं, आणि मी विचार करत होतो की काल चार दहाला मी कुठे होतो. इथेच होतो. याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कुणाचातरी प्रिंटर उघडून बसलो होतो. त्याच वेळी कुणीतरी माझ्या खात्यात शिरलं होतं. पासवर्ड टाकला होता, दिवा लुकलुकला होता, आणि कुणीतरी बोट टेकवलं होतं. जिवंत बोट. मेलेल्या बोटाने चालतं का ते मला माहीत नाही, आणि असले विचार करायचे नसतात हेही मला कळतं, पण तो ग्लास हातात धरून मी नेमका तेवढाच विचार करत उभा होतो.

दोन चाव्यांचा नियम दादाचा. तो लिफ्टची देखभाल करायचा. उभं आयुष्य त्या अंधाऱ्या खड्ड्यांत, वंगणाच्या वासात. घरी आला तरी त्याच्या नखांत तो वास असायचा, साबणाने जायचा नाही. एकदा माझं खातं कुणीतरी पळवलं, माझ्या नावाने भलत्याच लोकांना भलतंसलतं गेलं, आणि मी रडकुंडीला येऊन त्याच्याकडे गेलो, तर हा म्हणाला, “लिफ्ट कधी एका दोरावर लटकलेली बघितलीस का? चार-चार दोर असतात. एक तुटला तर माणसाला कळतसुद्धा नाही.” मग चार चाव्या घेऊन आला, दोन त्याच्या, दोन माझ्या. आणि नियम केला की दोन दोर एकाच खिळ्याला बांधायचे नाहीत. म्हणजे माझी जास्तीची चावी त्याच्याकडे, त्याची जास्तीची माझ्याकडे. घरंही लांब, मध्ये नदी आणि पूल. ज्याची हरवेल त्याने फोन करायचा, आणि दुसऱ्याने चावी पोचवायची. पोचवायची, हे त्याने दोनदा सांगितलं होतं. “हरवणारा आधीच घाबरलेला असतो रे धाकट्या. त्याला अजून पळवायचं नाही.” नावंही त्यानेच टाइप केली, पासवर्डही त्यानेच ठरवला. तो मी आजपर्यंत बदललेला नाही. लोकांना दर तीन महिन्यांनी बदला म्हणून ओरडतो आणि माझा तसाच. तो टाइप करताना बोटं त्याची असल्यासारखी चालतात, म्हणून.

त्या रात्री मी झोपलो छान, हे सांगायला लाज वाटते, पण झोपलो. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा ती यादी उघडली. काहीच नाही, तेच कालचं. मग ऑफिसात चार वाजायच्या आधी पाच मिनिटं मी जागेवर जाऊन बसलो. पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत राहिलो. चार. चार पाच. कुणीतरी मला हाक मारली, मी हात वर केला, थांब म्हणून. चार दहा झाले आणि पान रिफ्रेश केलं, तर ‘दादाकडची. शेवटचा वापर: आत्ताच.’

आत्ताच हा शब्द मी हजार वेळा वाचला असेल. यंत्राने लिहिलेला शब्द, त्याला काही अर्थ नसतो. पण त्या क्षणी मला असं वाटलं की बंद खोलीत मी एकटा बसलोय आणि पाठीमागे कुणीतरी हळूच खुर्ची ओढली. वळून बघितलंसुद्धा. मागे फायलींचं कपाट होतं. कोण आत आहे, काय वाचतंय, काहीच दिसत नाही. माझंच खातं, मीही आत, तोही आत, आणि दोघांच्या मध्ये काहीच नाही, एक आवाजसुद्धा नाही. खरं तर मला काय करायचं ते पाठ आहे. त्या ओळीच्या शेजारी बटण असतं, ‘काढून टाका’. ते दाबायचं, पासवर्ड बदलायचा, संपलं. चाळीस जणांना मी हेच सांगत होतो. माऊस त्या बटणावर नेला. दाबलं असतं तर यादीतून ‘दादाकडची’ हा शब्द गेला असता, आणि त्याने माझ्यासाठी टाइप केलेलं ते शेवटचं होतं. नाही दाबलं.

आणि घाबरण्यासारखं खात्यात काय होतं तर मसुदे होते. मी दादाला पत्रं लिहायचो. तो गेल्यापासून. वेडेपणा आहे, माहितीये. कुणाला पाठवायची नाहीत, नुसती लिहायची आणि तशीच ठेवायची. आज कूलर बिघडला, आज साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, असलंच काहीतरी. एकदम भरभर लिहायचं, मग चार दिवस काही नाही, मग पुन्हा. पण त्यांतलं एक तसं नव्हतं. ते मी एका बैठकीत लिहिलं होतं आणि पुन्हा उघडलं नव्हतं.

तेही सांगतो. त्या दिवशी पावणेचारला दादाचा फोन आला होता. “धाकट्या, माझी चावी सापडत नाहीये. एका लिफ्टचं सर्टिफिकेट सहाच्या आत पाठवायचंय, आणि हे मला आत घेत नाहीये. तुझ्याकडची घेऊन येतोस का?” मला सुट्टी होती. मी घरी लोळत होतो, मोबाइलवर काहीतरी बघत होतो, काय ते आठवतही नाही. बाहेर ऊन होतं. मी म्हणालो, “तूच ये ना. मला कंटाळा आलाय.” तो जरा थांबला. मग म्हणाला, “पोचवायची ठरली होती ना?” मी म्हणालो, “दरवेळी तुझेच नियम. ये तू घ्यायला.” आणि ठेवला. पाच वाजायच्या सुमाराला पुलाच्या वळणावर मागून ट्रक आला.

हे मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या मोबाइलमध्ये त्याच्या फोनची नोंद होती ती पुसली; त्याचा मोबाइल तर ट्रकखालीच चुरडला होता. दादाचं घर ज्या बाजूला आहे तिथून त्याचं काम, दुकानं, सगळं उलट्या दिशेला आहे. पुलाच्या रस्त्याला लागतं ते फक्त माझं घर. त्यामुळे वहिनी पहिल्या दिवसापासून एकच विचारत होती. रडतानाही तेच, नंतर रडणं थांबल्यावरही तेच. “तो त्या रस्त्याला का गेला?” पोलिसांना विचारलं, दादाच्या कामावरच्या लोकांना विचारलं, मला तर किती वेळा. मी खाली बघायचो. म्हणायचो, “असेल काहीतरी काम.” आई म्हणायची, “अगं, आता जाऊ दे ना.” वहिनी म्हणायची, “जाऊ कसं देऊ आई, मला कळायला नको?”

म्हणजे तुम्ही म्हणाल, उघड आहे. दादाकडची चावी दादाच्या घरात, दादाच्या घरात वहिनी आणि आई, आईला टीव्हीचा रिमोटसुद्धा धड येत नाही, मग राहिलं कोण? मलाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि चार दहाला त्या पडद्यासमोर बसणं वेगळं. तेव्हा ते वहिनी वाटतच नाही. तेव्हा फक्त कुणीतरी असतं. तिसऱ्या दिवशी मी असं केलं की चार वाजता एक नवा मसुदा उघडला आणि त्यात लिहिलं, ‘कोण आहे?’ थोडा वेळ थांबून खाली लिहिलं, ‘दादा?’ लोकांना शहाणपण शिकवणारा माणूस, चावी काढून टाकायची सोडून रिकाम्या कागदाशी बोलत बसलो होतो. चार दहा झाले. आत्ताच. काहीही उमटलं नाही. साडेचारला मी मसुद्यांची यादी बघितली तेव्हा त्या जुन्या पत्रापुढे, त्या एकाच पत्रापुढे, एक पिवळी चांदणी होती. महत्त्वाचं म्हणून खूण करतात तशी. मी केलेली नव्हती.

लिफ्ट सुटल्यासारखं वाटलं. लहानपणी दादा मला एकदा लिफ्टच्या टपावर घेऊन गेला होता. परवानगी नव्हती, पण नेलं. टपावर बसून वर बघायचं, नुसता काळा चौकोन, त्यात ते दोर. “हात लावू नकोस, नुसतं बघ,” तो म्हणाला. मग लिफ्ट खाली जायला लागली, आणि पलीकडच्या वजनाचे दोर मात्र वर सरकत होते, अजिबात आवाज न करता. मला वाटलं आपण पडतोय. मी किंचाळलो. त्याने माझ्या मानेवर हात ठेवला. त्या हाताला वंगणाचा वास होता. साडेचारला ऑफिसात मला तो वास आला. खरंच आला, शपथ.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. निघताना कपाटाच्या खणातून त्याची जास्तीची चावी काढली, त्याची, माझ्याकडे ठेवलेली. ती कधीच वापरली गेलेली नव्हती. पाकिटातच होती. तिच्यावर धूळसुद्धा नव्हती, जणू कालच घेतली. पुलावरून जाताना वळण आलं तेव्हा मी डोळे मिटले, आणि रिक्षावाला म्हणाला, “काय साहेब, चक्कर येतेय का?”

दार आईने उघडलं. “अगं बाई, तू कसा काय आज? किती वाळलायस. चप्पल काढू नकोस, लादी गार आहे.” मग स्वतःच म्हणाली, “नाही, काढ बाबा, आत्ताच पुसलीये.” आणि आत जाऊन पुन्हा आडवी झाली. घड्याळात चार वाजून सात मिनिटं झाली होती. दादाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. वहिनी पाठमोरी बसली होती, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतला पांढरा डगला अजून अंगात. दिवसभर ती लोकांची बोटं टोचते. समोर दादाचा संगणक. तो त्याने असा लावून ठेवला होता की बंद केला की सगळं विसरतो, म्हणून रोज पासवर्ड, रोज चावी. बाजूला त्याची लिफ्टच्या नोंदींची वही उघडी होती. शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात दोन पासवर्ड, एक त्याचा, एक माझा. आणि हिरवा दिवा लुकलुकत होता. ती लगेच बोट टेकवत नव्हती. नुसती बघत होती.

“वहिनी.”

ती दचकली नाही. “ये,” म्हणाली. “बस.” मग दिव्याकडे बघतच, “हे लुकलुकायला लागलं ना, की असं वाटतं कुणीतरी विचारतंय, आहेस का? मग मी बोट ठेवते. आहे म्हणून.” आणि तिने बोट टेकवलं.

“कधीपासून वाचतेस?”

“दोन महिने झाले. आधी वाटलं, त्याचं काहीतरी सापडेल. त्याच्यात जाता येईना, तुझ्यात गेले. तू त्याला लिहितोस ते बघितलं आणि मग सुटेना.” ती माझ्याकडे वळली. “तुझं ते पत्रसुद्धा पहिल्याच आठवड्यात वाचलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून. माझ्यासमोर बसून, तोंडाने. दोन महिने वाट बघितली. मग कंटाळून चांदणी दिली.”

मग मी सांगितलं. तोंडाने. लिहिलं होतं त्याच्यापेक्षा ते खूपच छोटं झालं. कंटाळा आलाय म्हणालो, तूच ये म्हणालो, म्हणून तो पुलाच्या रस्त्याला आला. चावी हरवली होती म्हणून आला. एवढंच. खिशातली त्याची चावी काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं ती मारेल. मारायला हवं होतं. ती उठली, कपाटातून दवाखान्याने दिलेली प्लास्टिकची पिशवी काढली, आणि त्यातून दादाचं किल्ल्यांचं जुडगं माझ्यासमोर ठेवलं. घराची किल्ली, गाडीची, लिफ्टच्या मशीनरूमची, आणि त्यांच्यात एक काळी पट्टी, मधोमध वाकलेली, पुढचं टोक तुटलेलं.

“हरवलेली चावी,” वहिनी म्हणाली. “त्याच्या खिशात होती.”

मी ती पट्टी उचलली. काळ्या प्लास्टिकवर त्याने खिळ्याने ‘मी’ असं कोरलेलं होतं. त्याचीच.

“म्हणजे नंतर सापडली असेल,” मी म्हणालो. “निघाल्यावर. किंवा निघताना खिशात गेली असेल, त्याला कळलंही नसेल.”

“मीही तेच म्हणते रोज. पण कळणार कसं? ही तर मोडली.” तिने मी आणलेली चावी उचलली, पाकीट फाडलं. “म्हणून तुझ्याकडची हवी होती. मागायची नव्हती मला. तू आणून द्यायला हवी होती.”

पोचवायची, मला आठवलं. दोनदा सांगितलं होतं.

तिने माझं खातं बंद केलं, माझी चावी उपसली, त्याची खोचली. वहीत बघून पासवर्ड टाकला, एकेक अक्षर. दिवा लागला. लुकलुक, लुकलुक. वहिनीने हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी बोट टेकवलं. ठिपका गार होता, मग क्षणभर माझ्याच बोटाने ऊबदार झाला, आणि दार उघडावं तसं दादाचं पान उघडलं. आम्ही यादीवर गेलो. त्याच्या यादीतही दोनच ओळी. खालची, ‘धाकट्याकडची. शेवटचा वापर: आत्ताच.’ आणि वरची, ‘माझ्याकडची.’ तिच्यापुढे तो दिवस होता. तो दिवस, आणि वेळ, दुपारी ४:१०.

वहिनीने तोंडावर हात ठेवला. मी पाठवलेल्या पत्रांत गेलो. सर्टिफिकेट सव्वाचारला गेलेलं होतं. सहाच्या आत, व्यवस्थित. त्यानंतर काही नाही.

“तू रोज चार दहालाच का बसतेस?” मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून आला.

“कुठे? मी पावणेचारला येते, चहा टाकते, आईंना देते, मग बसते. घड्याळ कोण बघतंय.” मग तिने घड्याळाकडे बघितलं, मग पडद्याकडे.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पीप-पीप ऐकू येत होती. आतून आईचा आवाज आला, झोपेतला. “कोण आहे गं? दोघंही आलेत का?” वहिनी म्हणाली, “नाही आई, धाकटे भाऊजी आलेत.” “बरं,” आई म्हणाली, आणि कूस बदलल्याचा आवाज आला. मी मनात हिशेब जुळवत होतो आणि तो जुळत नव्हता. पावणेचारला फोन. चार दहाला चावी सापडलेली. सव्वाचारला काम झालेलं. मला एक फोन करून ‘सापडली रे, झोप आता’ म्हणता आलं असतं, तो नक्की म्हणाला असता, तसलाच होता तो. पण म्हणाला नाही. चावी जुडग्यात अडकवली, जुडगं खिशात टाकलं, गाडी काढली आणि काहीही काम नसताना माझ्याकडे यायला निघाला. भांडायला येत होता? नियम समजावून सांगायला? की नुसताच? दारात उभा राहून काय म्हणणार होता? मी अकरा महिने एक उत्तर छातीशी धरून बसलो होतो, ते जड होतं, पण माझं होतं. आता तेही गेलं.

वहिनी पडद्याकडे बघत होती. हिरवा दिवा विझला होता. ती हळू आवाजात बोलली, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखी. “मग तो त्या रस्त्याला का गेला?”

नेहमीसारखी मी मान खाली घालायला गेलो. मग वर केली, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, “माहीत नाही गं.” आणि मला खरंच माहीत नव्हतं.